चोपन्न डेसिबल

४ जानेवारी

मुंगे,

सहा वर्षं तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस, आणि आता लिहिलंस ते थेट सरकारी कचेरीला. तीन ओळी. त्या मला एका परक्या मुलीच्या मोबाइलवर वाचायला मिळाल्या. ‘वीजकेंद्र येण्याआधी आमच्या घरी शांतता होती. अहवालात ती नव्हती असं लिहिलं आहे. ज्यांनी लिहिलं त्या माझ्या सख्ख्या बहिणीलाच विचारावं.’

सख्ख्या हा शब्द कशाला घातलास? कचेरीला सख्खं-सावत्र काय करायचंय? मला टोचावं म्हणूनच ना. टोचलं. आता मुद्द्याचं बोलते.

तुमच्या ओढ्यापलीकडच्या केंद्राला दुसरं यंत्र बसवायचं आहे, पहिल्याच्या शेजारी, तेही गॅसवरच. त्यासाठी परिसरावर काय परिणाम होईल याचा नवा अहवाल लागतो आणि नवा अहवाल जुन्याच्या खांद्यावर उभा राहतो. जुना माझा. काम नव्या कंपनीकडे गेलंय. त्यांची एक तरुण इंजिनीअर परवा घरी येऊन गेली. हुशार आहे, नखं कुरतडते. तिला माझ्याकडून एका पानावर सही हवी आहे, की चौदा वर्षांपूर्वीची मोजणी रीतसर झाली होती. सही झाली की तुझी हरकत निकालात निघेल, आणि तुझी हरकत तशीच राहिली तर जनसुनावणीत सगळ्यांसमोर माझी उलटतपासणी होईल. या वयात.

म्हणून हरकत मागे घे.

तुला वाटतं मी केंद्रवाल्यांची. मी कुणाचीच नव्हते. तो अहवाल दोनशे बारा पानांचा होता. हवेचे नमुने मी आठ ठिकाणी, बारा आठवडे घेतले. ओढ्याचं पाणी किती ऊन होईल, मासे तगतील का, हे मी स्वतः गुडघाभर पाण्यात उभी राहून पाहिलं. गॅस जळतो तेव्हा राख पडत नाही, काजळी उडत नाही, तुझ्या दोरीवरचे कपडे आजही पांढरेच वाळतात. हे मी लिहिलं होतं आणि ते खरं निघालं. आवाजाचं प्रकरण सगळ्यात लहान. चार पानं. तेवढ्यावरून तू माझ्या नावाने बोटं मोडतेस.

तुझ्या नवऱ्याला त्या केंद्रात कुणी चिकटवलं, तेही जरा आठव. घड्याळांचं दुकान बसल्यावर शब्द टाकला तो मीच.

ताई

१९ जानेवारी

मुंगे,

उत्तर नाही. अपेक्षा नव्हतीच. लहानपणीही तू रुसलीस की कपाटामागे जाऊन बसायचीस आणि आई म्हणायची, असू दे, मुंगी आहे, साखर दिसली की येईल बाहेर. माझ्याकडे साखर नाही. बातमी आहे.

ती इंजिनीअर पुन्हा आली होती. तुझ्या घरी जाऊन आवाज मोजून आली म्हणे. तू तिला पाणीसुद्धा विचारलं नाहीस. शोभलं नाही. पण तुझ्या अंगणात तिने यंत्र ठेवलं, तीन दिवस, आणि आकडा आला चोपन्न.

“मॅडम,” ती म्हणाली, “तुमच्या अहवालातही चोपन्नच आहे. केंद्र येण्याआधी चोपन्न आणि आता चोपन्न. चौदा वर्षांत एक डेसिबलसुद्धा वाढ नाही! इतका तंतोतंत जुळलेला आकडा मी पाहिला नव्हता.”

तिचे डोळे चमकत होते. मी तिला चहा दिला. तिने दोन बिस्किटं खाल्ली आणि सहीचा कागद ठेवून गेली.

तेव्हा आता आकडेच बोलतायत. तू म्हणतेस केंद्र थंड ठेवणाऱ्या पंख्यांनी घर घुमतं, मांडणीवरची भांडी किणकिणतात. मोजणी म्हणते काही बदललेलं नाही. मी सहा वर्षांपूर्वी हेच सांगितलं तेव्हा तू फोन आपटलास. मी रागावून नव्हते बोलले. आवाज मर्यादेत आहे, तुला तो जास्त ऐकू येतो, तर कान तपासून घे, एवढंच म्हटलं. कानाच्या डॉक्टरांची वेळही मीच घेऊन दिली. तू गेलीस. त्यांनी लिहून दिलं की कान उत्तम आहेत, वयाच्या मानाने अपवादच. तो कागद तू मला पाकिटात घालून पाठवलास, सोबत एक अक्षर नाही. तेव्हापासून ही चुप्पी.

मी कागदावर अजून सही केलेली नाही. चष्मा बदलायचा आहे.

एक विचारायचं राहिलं. दुकानात भिंतीवर आता किती घड्याळं उरली आहेत? उगीच विचारते.

ताई

२ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी आलेलं उत्तर, आणि त्यात एकच शब्द. ‘एक.’

कोणतं एक राहिलं तेही लिहायला तुझा हात दुखला. पण मला ठाऊक आहे. तुझ्या सासऱ्यांचं, काळ्या लाकडाचं, आठला नऊ वाजवणारं. तुझे घड्याळजी म्हणायचे ना, “ताई, वडिलांची चूक मुलाने दुरुस्त करायची नसते.” घड्याळजी हे नाव मी त्यांना तुमच्या लग्नात दिलं, चिडवायला, आणि तो भला माणूस ते अंगावर मिरवत राहिला. दुकानाच्या पाटीवरसुद्धा लिहिलं.

तेव्हा भिंतीवर अडतीस होती. मला आकडा आठवतो कारण मी ती मोजली होती.

आता नीट वाच. मधे उठू नकोस.

केंद्राचं बांधकाम सुरू होण्याआधी, आधीचा आवाज मोजायचा असतो. सगळ्यात जवळच्या घरी. सगळ्यात जवळचं घर तुझं. नियम असा की यंत्र भिंतीपासून दूर, मोकळ्यावर ठेवायचं. मी ते आधी अंगणातच ठेवलं होतं. तुझ्या कोंबड्या वायरी टोचायला लागल्या, आणि तू मला चिडवायच्या नावाने हाक मारून हसत हसत म्हणालीस, “मोजपट्टी, वर सज्जात ठेव ना, तिथे कोण येतंय तुझ्या यंत्राला खायला!” मी वर ठेवलं. सज्जाच्या बरोब्बर खाली दुकानाचं उघडं दार.

आणि मी येणार म्हणून घड्याळजींनी काय केलं होतं? दुरुस्तीला आलेली, विकायची, गिऱ्हाईक विसरून गेलेली, सगळीच्या सगळी घड्याळं चावी देऊन चालू केली होती. माझ्या मानासाठी. एरवी त्यातली चार-पाचच चालायची. तासाला ठोके सुरू झाले की अडतीस जणांची दिंडी निघावी तसं व्हायचं. एक पुढे, एक मागे, कुणी धाप लागलेलं, कुणी मधेच विसरलेलं. बाराला तर पुरती दोन मिनिटं चालायचं. तू टाळ्या वाजवलेल्या मला आठवतात.

घड्याळजी जिन्याखाली येऊन उभे राहिले. पायऱ्या चढले नाहीत. “ताई, तुमच्या मोजणीला त्रास नको. घड्याळं बंद ठेवू का?”

मी म्हटलं, “राहू द्या हो. छान वाटतात.”

हे शब्द खरे होते. त्या क्षणी माझ्या मनात पाप नव्हतं. एवढ्याने काय होतंय, सरासरीत विरघळून जाईल, असं मला वाटलं. इतकी वर्षं काम करूनही मी पाहुण्यासारखं वागले.

विरघळलं नाही. शहरात परत आल्यावर यंत्राचा आलेख कागदावर काढला तर तासातासाला सुळका. प्रत्येक सुळक्याशेजारी मी माझ्याच हाताने पेन्सिलीने लिहिलं: ‘घड्याळं’. सुळके काढून टाकले तर एकेचाळीस. सुळके धरून सरासरी चोपन्न.

आणि नियम असा, की आधीच्या आवाजात पाचाहून जास्त भर पडत असेल तर केंद्राने पंखे दुसऱ्या अंगाला न्यावे, नाहीतर मधे उंच भिंत बांधावी. त्या पंख्यांचा आवाज तुझ्या अंगणात चोपन्न भरणार होता, हे मी गणिताने काढलं होतं. आवाजाचं गणित आपल्या शाळेतल्या बेरजेसारखं नसतं. चोपन्नात चोपन्न मिळवले की सत्तावन्न होतात. म्हणजे वाढ तीन. चालतं. पण एकेचाळिसात चोपन्न मिळवले की चोपन्नच राहतात, आणि वाढ होते तेरा.

तीन की तेरा, हे माझ्या पेन्सिलीवर होतं.

पुन्हा मोजायचं तर आणखी एक ऋतू थांबावं लागलं असतं. साहेबांनी अहवाल महिन्याअखेर मागितला होता, आणि विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती. मी चोपन्न लिहिलं. ‘निवासी घरातील नित्य व्यवहारांमुळे’ असं कारणही जोडलं. भाषा तशी मला बरी येते.

पंखे ओढ्याच्या बाजूलाच बसले. भिंत झाली नाही. आता केंद्र तुझ्या अंगणात चोपन्न ओतत असतं, दिवसभर, न थांबता. म्हणून त्या मुलीचा आकडा माझ्या आकड्याशी जुळला. मी खोटं लिहिलं आणि केंद्राने ते मेहनत करून खरं करून दाखवलं.

घड्याळजी कानाने काम करायचे. डावा ठोका उजव्यापेक्षा केसभर लांबला तरी त्यांना कळायचं. त्या घुमण्यात त्यांना काही ऐकू येईना, हे तू मला फोनवर सांगितलं होतंस. मी तुला डॉक्टरांचा पत्ता दिला.

आलेखाचे कागद माझ्याकडे आहेत. हरवले असं मी सगळ्यांना सांगत आले. कपाटात, साड्यांच्या खाली.

सही अजून केलेली नाही.

ताई

१७ फेब्रुवारी

मुंगे,

काल साहेब आले होते. माझे जुने साहेब, आता केंद्राचे सल्लागार. गुडघे गेलेत पण जीभ शाबूत आहे. जिना चढून आले म्हणजे काम नडलेलं, हे मी ओळखलं.

“बाई, सहीला एवढे दिवस?”

मी कागद त्यांच्यापुढे ठेवले. सुळके, पेन्सिल, सगळं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पाहिलं, पुन्हा खाली घेतला. आश्चर्य वाटल्याचं नाटकसुद्धा केलं नाही. म्हणजे त्यांना तेव्हाही कळलं होतं. चौदा वर्षं मी एकटीच ओझं वाहतेय असं समजत होते, आणि हा गृहस्थ त्यावर उशी घेऊन झोपला होता.

“आकडा तेव्हा चुकीचा होता. बरं. आता तो बरोबर आहे की नाही?”

“आहे.”

“मग भांडण कशाशी आहे तुमचं? म्हातारपणी स्वतःच्या हाताने तोंडाला काळं फासून घ्यायचं, ते कुणासाठी? ज्या बहिणीने तुम्हाला दारात उभं केलं नाही तिच्यासाठी?”

मी म्हटलं, “दारात मीच गेले नाही.”

ते हसले. जाताना चपला शोधत, पाठमोरेच बोलले, “तुमचे मेहुणे गेटावर आहेत ना? हजेरीच्या यंत्रापाशी? साधा माणूस आहे. त्यांचंही बघा.”

मुंगे, त्या नोकरीबद्दल मी तुला पहिल्या पत्रात सुनावलं. आज मला ते खरं दिसलं. ज्या माणसाला घड्याळाच्या पोटातलं कळायचं, त्याला मी काचेच्या खोपटात बसवून आकडे पुढे सरकताना बघायला लावलं, आणि वर उपकार म्हणून मिरवलं.

सुनावणी एक मार्चला, शाळेच्या सभागृहात. मी येणार आहे. तू हरकत मागे घेऊ नकोस. घड्याळजींना मात्र आधी सांग, की त्यांची नोकरी जाईल. त्यांना विचारून मला कळव. ते नको म्हणाले तर मी गप्प बसेन, आणि मग ते पाप आपण तिघांत वाटून घेऊ.

ताई

२३ फेब्रुवारी

मुंगे,

कार्ड मिळालं. या वेळी अक्षर त्यांचं. ‘ताई, या. पहिली गाडी घ्या, दुसरी उशिरा पोचते.’

माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी इतकं सहज माफ केलेलं नाही, आणि मला ते सहन होत नाहीये. तू शिव्या दिल्यास तर बरं वाटेल.

ताई

२ मार्च

मुंगे,

तू तिथेच होतीस, तेव्हा काय झालं ते सांगायला नको. पण तू तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसली होतीस, म्हणून माझ्या बाजूने काय दिसलं ते लिहिते.

व्यासपीठावरचे अधिकारी तरुण होते. त्यांनी कागद उलटसुलट पाहिले आणि विचारलं, “हे तुमच्याकडे चौदा वर्षं होते?”

“होते.”

“मग आजच का?”

उत्तर मी रात्रभर घोकून आले होते. सत्य, जबाबदारी वगैरे. त्यातलं एक अक्षर आठवेना. मी म्हटलं, “आज त्याच खोट्यावर दुसऱ्यांदा सही करायला सांगितलं म्हणून. पहिल्यांदा जमलं. दुसऱ्यांदा जमेना.”

मागून कुणीतरी ओरडलं, “म्हणजे बाई, गुन्हेगार घड्याळं!” सगळं सभागृह हसलं. साहेबसुद्धा हसले, तोंडावर रुमाल धरून. ती इंजिनीअर हसली नाही. नखं खायची थांबून ती माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत मला माझी जागा कळली. आपण म्हातारे होऊन कसे दिसू नये, ते ती पाहत होती.

घड्याळजी स्वतःच्या हातांकडे बघत होते. त्यांना तेव्हाच कळत होतं, की आपण मानासाठी चावी दिलेल्या घड्याळांनीच आपल्या घराविरुद्ध साक्ष दिली. तू त्यांना माझी पत्रं दाखवली नव्हतीस तर. नुसतं ‘ताईला खरं बोलायचंय, तुमची नोकरी जाईल’ एवढंच सांगितलं असणार, आणि तेवढ्यावर त्या माणसाने ‘या’ लिहिलं.

बाहेर पडल्यावर नळापाशी ते मला म्हणाले, “ताई, तेव्हाच एक पत्र टाकलं असतंत. दुसऱ्या दिवशी सगळे लंबक थांबवून दिले असते. तुम्ही सांगायचा अवकाश होता.” आवाजात तक्रार नव्हती. एखाद्या घड्याळाची साधी दुरुस्ती राहून जावी, तसं बोलले. मला नळ बंद करायचं भान राहिलं नाही. तो त्यांनीच केला.

आणि तू. सहा वर्षांनी समोरासमोर. मला वाटलं थोबाडीत देशील, किंवा रडशील. मी दोन्हींची तयारी करून आले होते.

“माझे कान तपासायला पाठवलंस,” तू म्हणालीस.

बस. वळलीस आणि चालायला लागलीस. घड्याळजी तुझ्यामागे दोन पावलं, आणि माझ्याकडे बघून त्यांनी हात अर्धा वर केला.

परतीच्या गाडीत मी ते वाक्य फिरवून फिरवून पाहिलं. खोट्या आकड्याबद्दल तू काहीच बोलली नाहीस. त्या एका गोष्टीबद्दल बोललीस. तुझं बरोबर आहे. आकडा मी कचेरीला खोटा सांगितला. तुला मात्र तू खोटी आहेस असं सांगितलं, आणि ते खरं नाही हे मला सांगताना माहीत होतं.

ताई

२८ मार्च

मुंगे,

त्यांची नोकरी गेल्याचं कळलं. पत्राने कळवलं म्हणे, सुनावणीचा उल्लेखही न करता. माझं नावही काळ्या यादीत लागलं. यापुढे कुठल्याही मोजणीच्या कागदावर माझी सही चालणार नाही. योग्यच आहे. पस्तीस वर्षांचं काम, दोनशे आठ पानं खरी आणि चार खोटी, आणि लोकांच्या लक्षात चारच राहतील. राहू देत.

दुसऱ्या यंत्राचा निर्णय थांबवला आहे. रद्द केलेला नाही, थांबवला आहे, दोन्हींत फरक असतो, फार आनंदू नकोस. केंद्र नसताना तुझ्या घरी किती आवाज असतो ते पुन्हा मोजायचं ठरलंय. त्यासाठी एकच संधी असते. वर्षातून एकदा केंद्र दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, दहा दिवस. या वेळी सहा एप्रिलपासून. आकडा खाली आला तर जुन्या यंत्रालाही भिंत बांधावी लागेल, असं आदेशात लिहिलं आहे. मी तो चार वेळा वाचला.

मोजायला तीच मुलगी येईल. मला त्या यंत्राला हात लावायला बंदी आहे. ती चांगली आहे, पण घाबरट आहे आणि तुला बिचकते. तिला पाणी विचार. यंत्र अंगणातच ठेवू दे, मधोमध, भिंतीपासून लांब. कोंबड्या दहा दिवस कोंडून ठेव. सज्जात ठेवते म्हणाली तर तिला माझं नाव सांग, समजेल.

किती येईल, ते मी तुला आताच सांगते. एकेचाळीस. दोन ठोक्यांच्या मधे जेव्हा सगळी घड्याळं दम खात असत, तेव्हा मी तुझ्या सज्जात बसून ते मोजलं होतं. ओढ्याचं पाणी, एखादं पान, खाली तू घड्याळजींशी काहीतरी बोलत होतीस. इतकं शांत घर मी त्याआधी कधी मोजलं नव्हतं, आणि नंतरही नाही. ते तुझं होतं. माझ्या कागदावर ते होतं आणि मी ते खोडलं.

पंखे थांबतील त्या दिवशी दार उघडून बस. मला काही कळवू नकोस.

एवढंच कर. घड्याळजींना म्हणावं, ते दहा दिवस वडिलांचं घड्याळ बंद ठेवा. त्यांनी तेव्हा विचारलं होतं. मी आता हो म्हणते आहे.

मोजपट्टी